सील लागायच्या आधीचं काम

आमचं दुकान अमळनेरला, धुळे रोडवर. आप्पांच्या वेळी तिथे विहिरीवरची ऑइल इंजिनं, पंप आणि जिनिंगची किरकोळ कामं यायची. माझ्या हातात आल्यावर मोटरसायकली आल्या, आणि गेली बारा-तेरा वर्षं त्यातल्या काही धुळीच्या ट्रॅकवर पळतात. लहानपणी वजनमापाचे साहेब यायचे ते आठवतं. व्यापाऱ्याचं लोखंडी वजन उलटं करायचे, बुडाच्या भोकात शिसं भरलेलं असायचं, त्यावर ठसा ठोकायचे. मी आप्पांना विचारलं होतं, ठसा मारला म्हणजे वजन चांगलं का? आप्पा म्हणाले, "आज तपासलं, बरोबर निघालं. आते कोणी हात घाला ते समजी जाई."

रेसच्या इंजिनाचं सील, म्हणजे तपासनीस बोल्टांच्या डोक्यांतून तार ओवून दाबतो ते, तेच काम करतं. तपासणीनंतर हे इंजिन कोणी उघडलेलं नाही, एवढीच त्याची साक्ष. पण एकदा तार ओवून दाबली की तुमच्याच इंजिनाच्या आत तुम्हाला हात घालता येत नाही, त्यामुळे जे करायचं ते आधी झालेलं असावं लागतं. माझ्याकडची पोरं गाडी पळवायची तयारी महिनाभर करतात आणि तपासणीची तयारी आदल्या रात्री, जेवणं झाल्यावर. मीही तसंच करायचो. ज्याला इंजिन बांधता येतं पण तपासणीच्या टेबलावर मांडता येत नाही, त्याच्यासाठी हे लिहितोय.

सुरुवात नियमांच्या पुस्तकापासून. आपल्याकडे मोटरस्पोर्टचे नियम फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, म्हणजे एफएमएससीआय, ही संस्था घालते. दुचाकीसाठी ती एफआयएम आणि चारचाकीसाठी एफआयए या जागतिक संस्थांशी जोडलेली आहे. त्याशिवाय प्रत्येक स्पर्धेचे स्वतःचे पूरक नियम निघतात. सील कुठे लागणार, रेसनंतर कोणाची इंजिनं उघडणार, तक्रार किती वेळात करायची, हे त्यात सापडतं. मोबाईलवर वाचून भागत नाही, झेरॉक्स काढा आणि आपल्या वर्गाची पानं पेनाने रंगवा. स्टॉक वर्गात, म्हणजे गाडी कंपनीने दिली तशीच पळवायची त्या वर्गात, एक गोष्ट पक्की धरा: जे करायला मुभा लिहिलेली नाही, ते करायचं नाही. चोपड्याच्या एका पोराला पोर्ट, म्हणजे हेडमधल्या हवेच्या वाटा, घासायच्या होत्या. त्याने मला विचारलं, "भो, पोर्ट घासायला बंदी कुठे लिहिलीय?" मी म्हटलं, तू मला परवानगी कुठे लिहिलीय ते दाखव. तो अजून शोधतोय.

आता मोजमाप. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण टेबलावर वाद होतात ते इथेच.

तपासनीस जे मोजणार ते तुम्ही आधी, त्याच पद्धतीने मोजलेलं असलं पाहिजे. "कंपनीचंच आहे साहेब" हे माप होत नाही. उदाहरण आपल्या ओळखीच्या गाडीचं घेऊ. अपाचे आरटीआर १६० चा बोअर, म्हणजे सिलिंडरच्या भोकाचा व्यास, ६२ मिलीमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, ५२.९. बोअर गुणिले बोअर गुणिले स्ट्रोक गुणिले ०.७८५४, आलेल्या आकड्याला हजाराने भागा. उत्तर १५९.७ सीसी. आता समजा तुमच्या वर्गाची मर्यादा १६५ सीसीची आहे आणि बोअर वाढवायला परवानगी आहे. लगेच कोणीतरी सांगतो, एक मिलीमीटर वाढव, ६३ कर, १६४.९ येतं, बसतं की! कागदावर बसतं. पण ब्लॉक होन करताना, म्हणजे सिलिंडर आतून घासून मापाला आणताना, लेथवाल्याच्या हातून दोन शतांश जास्त गेले आणि बोअर ६३.०२ झाला, तर हिशेब १६५.०१ वर जातो. दोन शतांश मिलीमीटर म्हणजे किती? आपल्या डोक्याच्या केसापेक्षा कमी. तेवढ्यावर अख्खा हंगाम लावायचा का, ते ज्याचं त्याने ठरवावं. मी ६२.५० च्या पुढे जात नाही. तिथे १६२.३ सीसी येतं आणि रात्री झोप लागते.

दुसरी गोष्ट ऊन. मापाचा जगभरचा ठरलेला आधार २० अंश सेल्सिअस आहे, आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली ४३-४४ असतात. बिडाचा ६३ मिलीमीटरचा लायनर, म्हणजे सिलिंडरचं आतलं अस्तर, २० वरून ४३ अंशांवर गेला की साधारण दीड शतांशाने फुगतो. ॲल्युमिनियम त्याच्या दुप्पट फुगतं. पण मायक्रोमीटर पोलादाचा, तोही जवळपास बिडाइतकाच फुगतो. म्हणून ब्लॉक आणि मापाची हत्यारं रात्रभर एकाच जागी, एकाच फरशीवर ठेवायची आणि सकाळी सहा-साडेसहाला, चहाच्या आधी, माप घ्यायचं. चूक होते ती ब्लॉक उन्हातून आणून एसीच्या खोलीतल्या मायक्रोमीटरने मोजल्यावर, किंवा गाडी पळवून आल्यावर अर्ध्या तासात उघडल्यावर. रेसनंतर टेबलावर इंजिन गरम असेल आणि माप मर्यादेच्या काठावर येत असेल, तर थंड झाल्यावर पुन्हा मोजा अशी विनंती करता येते. नीट शब्दांत केली तर ती ऐकली जाते, असा माझा अनुभव आहे.

बोअर एकाच ठिकाणी मोजू नका. वर, मधे, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी, पिस्टनच्या पिनच्या रेषेत एकदा आणि तिला आडवं एकदा. सहा आकडे येतात. सहाही वहीत लिहा. जुन्या ब्लॉकमध्ये पिस्टनची वरची रिंग जिथून परत फिरते तिथे माप नेहमी जास्त निघतं, आणि तपासनिसाने नेमकं तिथेच गेज लावलं तर तुमच्याकडे उत्तर तयार पाहिजे. स्ट्रोक मोजायला हेड काढून पिस्टन वर आणि खाली, दोन्ही टोकांना डेप्थ व्हर्निअर लावायचा. प्लगच्या भोकातून सळई घालून मोजायची एक जुनी युक्ती आहे. भोक तिरकं असतं, माप खोटं येतं, ती विसरा.

कॉम्प्रेशन रेशोला, म्हणजे पिस्टन मिश्रण किती पट दाबतो त्याला, मर्यादा असेल तर ब्युरेट, म्हणजे खुणा केलेली काचेची मापनळी, घ्या. मी इथल्याच शाळासाहित्याच्या दुकानातून आणलाय. हेड उलटं ठेवायचं, व्हॉल्व्ह बसवलेले, प्लग आवळलेला. तोंडावर ग्रीसचा हात फिरवून पारदर्शक ॲक्रिलिकची भोक पाडलेली पट्टी दाबून बसवायची आणि पातळ तेल सोडायचं. पेट्रोल नको, मोजता मोजता उडून जातं. बुडबुडा राहिला तर हेड जरा तिरपं करून त्याला भोकाकडे आणायचा. पॅकिंगची जाडी आणि पिस्टनच्या डोक्याचा आकार धरून एकूण मोकळी जागा काढायची. समजा १८.८ सीसी आली, तर १५९.७ अधिक १८.८, भागिले १८.८, म्हणजे साडेनऊ. आता गंमत बघा. हीच जागा अर्ध्या सीसीने कमी झाली, १८.३ झाली, तर रेशो ९.७ च्या वर जातो. आणि अर्धा सीसी खायला पिस्टनच्या डोक्यावर पावणेदोन दशांश मिलीमीटर कार्बन पुरतो. म्हणजे तुम्ही काहीच केलेलं नाही, फक्त इंजिन तेल खातंय, आणि टेबलावर आकडा चढलेला! म्हणून मोजण्याआधी आणि सीलआधी कार्बन खरवडून काढा. पितळेच्या ब्रशने, कानशीने नव्हे.

कार्बोरेटरचा व्हेंच्युरी (हवेचा अरुंद गळा), जेटचे नंबर, कॅमची लिफ्ट (कॅम व्हॉल्व्ह किती उचलतो ते) हेही वहीत लिहून ठेवा. व्हेंच्युरीला तपासनीस बहुधा गो-नोगो गेज लावतात, गेज आत गेला की संपलं, तिथे चर्चेला जागा नसते. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ईसीयूवरचा, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीवरचा, कंपनीचा नंबर वाचता येईल असा ठेवा. त्यावरचं स्टिकर धुताना निघून जातं, काळजी घ्या.

मोजमाप झालं, इंजिन बांधलं, की लगेच सीलला नेऊ नका. नवीन हेड पॅकिंग एक-दोनदा तापून थंड होईपर्यंत बसत नाही. मी गाडी पंधरा-वीस मिनिटं पळवतो, रात्रभर थंड होऊ देतो, सकाळी हेडचे नट मॅन्युअलमधल्या क्रमाने, टॉर्क पान्याने पुन्हा बघतो. असं दोनदा. मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट. मग कुठे तेलाचा थेंब फुटतोय का ते बघायला इंजिनाखाली पुठ्ठा टाकून एक रात्र. सील लागल्यावर हेड पॅकिंग फुटलं तर मुख्य तपासनिसाची परवानगी, पुन्हा तपासणी, पुन्हा सील, आणि त्यात तुमची प्रॅक्टिस गेली. पुठ्ठा कोरडा निघाला तरच पुढचं काम.

पुढचं काम म्हणजे भोकं.

सीलची तार कशातून तरी ओवली जायला हवी, आणि ते 'कशातून तरी' तुम्ही आणायचं असतं. म्हणजे हेड, ब्लॉक आणि क्रँककेस यांच्या बोल्टांच्या डोक्यांना आरपार भोक. माझी पहिली रेस नाशिककडे होती. भोकं मी पाडली होती, मोठ्या हौसेने. पण बोल्ट आवळल्यावर दोन्ही भोकांची तोंडं चेसीच्या पाइपाकडे गेली होती, आणि तपासनिसाची बोटं तिथे जाईनात. त्यांनी पाच मिनिटं प्रयत्न केला, मग म्हणाले, "तुम्हीच सांगा, कसं करायचं?" बरोबर होतं त्यांचं. मैदानात, दुपारी दीडला, मी हेडच्या बाजूचे बोल्ट सैल करून फिरवले, कोणाचा तरी पाना मागून अंदाजाने आवळले. सील लागलं. दुसऱ्या हीटमध्ये, म्हणजे फेरीत, हेडच्या बाजूने तेल सुटलं आणि सायलेन्सरवर पडून धूर निघाला. काळा झेंडा, म्हणजे रेसमधून बाहेर. गाडी चालवणारा पोरगा माझ्याशी दोंडाईचापर्यंत बोलला नाही. आम्ही त्याला सोडायला तिकडून वळसा घातला होता.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. आधी बोल्ट पूर्ण टॉर्कला आवळायचा. मग डोक्यावर पांढऱ्या मार्करने बाहेरच्या दिशेला रेघ मारायची. बोल्ट काढायचा आणि त्या रेघेच्या हिशेबाने भोक पाडायचं. परत लावला की भोक बाहेरच बघतं. रेघ जुळवण्यासाठी टॉर्क वाढवायचा मोह होतो, तो टाळा. थोडं इकडेतिकडे असेल तर त्याच डोक्याला आडवं दुसरं भोक पाडा, दोनांपैकी एक हाताला येतंच.

भोक पाडणं हे किरकिरं काम आहे. एम६ चा बोल्ट, म्हणजे आपला दहा नंबरचा पाना लागतो तो. डोकं जेमतेम चार मिलीमीटर जाड, त्यातून दोन मिलीमीटरचं भोक आडवं आरपार न्यायचं. हातातल्या ड्रिलने तीन बिटं मोडतात आणि चौथ्याला बोट फुटतं. मी लेथवर एक जिग करून घेतलाय: इंचभर चौकोनी पट्टी, तिच्यात एम६ चे आटे, बोल्ट त्यात फिरवून बसवायचा, आणि बाजूने दोन मिलीमीटरचं वाट दाखवणारं भोक थेट डोक्याच्या मध्यावर येतं. बिट कोबाल्टचं. बेंच ड्रिल अडीच-तीन हजार फेऱ्यांवर. एक थेंब तेल, बिट अर्धा मिलीमीटर आत, लगेच बाहेर, बुरा झटकायचा, पुन्हा थेंब. सरळ दाबून नेलं की बुरा आत अडकतो, एक बारीक 'टिक' असा आवाज येतो आणि बिटाचं टोक बोल्टात राहतं. तो बोल्ट मग भंगारात. बुरा निळा पडायला लागला तर फेऱ्या कमी करा. आरपार गेलं की दोन्ही तोंडांवर चार मिलीमीटरचं बिट हातानेच दोन वेळा फिरवायचं. ही दोन वळणं बहुतेक जण टाळतात. भोकाची कोर धारदार राहिली तर इंजिनाच्या कंपाने ती तार आतून कापत जाते, आणि रेस संपल्यावर सील जमिनीवर सापडतं. नसेल सापडत तर आणखी वाईट.

हेडच्या मोठ्या स्टडवर टोपी नट असतील तर त्यांच्या टोपीला भोक पाडू नका. बऱ्याच गाड्यांत एका स्टडच्या बाजूने तेल वर कॅमकडे जातं आणि ती टोपी व तांब्याचा वॉशर मिळून ते तेल अडवतात. टोपी फोडली की कारंजं. भोक हवंच असेल तर षटकोनाच्या कोपऱ्यातून न्या. स्टडला तर कधीच नाही.

किती बोल्टांना भोकं? सील कुठून कुठे न्यायचं ते तपासनीस ठरवणार, तुम्ही त्यांना पर्याय द्यायचे. मी हेडचे दोन, ब्लॉकचा एक, क्लच कव्हर आणि मॅग्नेट कव्हरचा एकेक, एवढ्यांना भोकं ठेवतो आणि दोन जास्तीचे बोल्ट भोक पाडून डबीत. कार्टिंगमध्ये रोटॅक्स मॅक्सचं १२५ चं इंजिन बघितलंत तर ही कल्पना चटकन कळते. तिथे सील अधिकृत वितरक किंवा त्यांचं सर्व्हिस सेंटर लावतं, आणि तार एक्झॉस्टच्या एका ॲलन स्क्रूतून, सिलिंडरच्या एका स्टडवरून आणि इनटेकच्या एका ॲलन स्क्रूतून जाते. तिन्ही बाजू एका फासात, एक सोडायची तर तार तोडावीच लागते. आपल्या गाडीवरही तसाच फास बसेल असं बघा. टॅपेटचं झाकण मात्र नियम देत असतील तर फासाबाहेर राहील असं सुचवा, म्हणजे रेसच्या आधी टॅपेट बघता येतात.

दुकानात साध्या बाइंडिंग तारेने सगळा मार्ग एकदा ओवून बघायचा. सायलेन्सरच्या बेंडपासून किमान चार बोटं लांब, चेन, किक आणि पायाच्या वाटेत नाही. हे चार बोटांचं माप मला फुकट मिळालेलं नाही. एका रेसला नंबर घातलेलं प्लॅस्टिकचं सील मिळालं. लावलं बरोबर जागी, पण शेपूट लांब राहिली आणि ती लोंबत बेंडला टेकली. प्रॅक्टिस करून गाडी आली तेव्हा भाचा धावत आला, "मामा, सील गयं!" वितळून काळा गोळा झाला होता, नंबरातले शेवटचे दोन आकडे तेवढे वाचता येत होते. तपासनीस चांगला माणूस होता, त्याला दिसत होतं काय झालंय ते. पण तुटलेलं सील ते तुटलेलं सील. इंजिन उघडून सगळी मापं पुन्हा झाली, सव्वादोन तास, आणि आमची वही होती म्हणूनच सव्वादोन, नाहीतर संध्याकाळ झाली असती. आता मी सील लागताच नम्रपणे विचारतो, "साहेब, शेपूट कापता का, नाहीतर टायने बांधू?" दोन्हीला कधी कोणी नाही म्हणालं नाही. स्वतःच्या हाताने मात्र कापायची नाही.

तपासणीला जायच्या आदल्या दिवशी धुलाई. आपली काळी माती फिनांमध्ये बसली की सिमेंट होते, आणि तपासनीस तुमच्या गाडीचा नंबर शोधायला खरवडत बसणार नाही. डिझेल आणि ब्रश, मग साबणाचं पाणी, मग हवा. प्लग काढण्याआधी त्याच्या खड्ड्यात हवा मारा, नाहीतर तिथली रेती थेट सिलिंडरमध्ये. इंजिन नंबर आणि चेसी नंबर कपड्याने पुसून चकचकीत दिसले पाहिजेत आणि कागदावरच्या नंबरांशी अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत. नंबराच्या जागी ग्राइंडर लागल्याची जराशीही खूण असलेली क्रँककेस सेकंडहँडमध्ये स्वस्त मिळाली तर घेऊ नका. तुम्ही काही केलेलं नसलं तरी सगळ्या प्रश्नांची उत्तरं तुम्हालाच द्यावी लागतात.

टेबलाजवळ सोबत काय न्यायचं: वही, मॅन्युअलची मापांची पानं, नियमांची रंगवलेली झेरॉक्स, परवाना, गाडीचे कागद, टॉर्क पाना, टी पाना, गोटी पान्याचा सेट, तेलाचं घमेलं, तीन-चार धुतलेले सुती कपडे, आणि पॅकिंगचा पूर्ण नवा सेट. माणूस एकच. चुलत्या-मामांसकट सात जण भोवती उभे राहिले की तपासनीस वैतागतो, मीही वैतागतो. विचारलं तेवढंच सांगा, आणि जे माहीत नाही ते "बघून सांगतो" म्हणा. एकदा एक जण न विचारता म्हणाला, "पोर्टला आम्ही काहीच केलेलं नाही बरं का साहेब." साहेबांनी लगेच टॉर्च मागवली.

सील लागलं की त्याचा नंबर तुमच्या वहीत, त्यांच्या कागदावर आणि मोबाईलच्या फोटोत असा तीन ठिकाणी असू द्या. फोटो दोन्ही बाजूंनी, तारेचा पूर्ण फास दिसेल असा. त्यांच्या कागदावर नंबर लिहिताना एखादा आकडा इकडचा तिकडे होऊ शकतो, तिथेच उभं राहून वाचून घ्या. नंतर दाखवलेली चूक कोणाची होती हे ठरवायला कोणालाच वेळ नसतो.

रेस संपली की गाडी पार्क फर्मेत, म्हणजे तपासणी होईपर्यंत गाड्या राखून ठेवतात त्या आवारात. तिथे गाडीला कोणी हात लावायचा नाही, पाणी मारायचं नाही, प्लगसुद्धा काढायचा नाही. निकाल लावल्यावर तक्रारीची मुदत सहसा अर्ध्या तासाची असते, तोवर थांबायचं. पहिल्या तिघांत आलात तर इंजिन उघडण्याची मानसिक तयारी ठेवा, जेवण मागे पडणार. आमच्या घरून अशा दिवशी कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून येतो, तो उभ्या उभ्या खाता येतो. हात मात्र आधी धुवा. डिझेल आणि ठेचा एकत्र लागला की डोळ्यांचं काय होतं ते सांगत नाही.

सील तपासनीस तोडणार, तेही आधी नंबर वाचून. मग उघडायचं काम तुमचं, त्यांच्या डोळ्यांसमोर. घाई करू नका, थंड होऊ द्या. टाकी, प्लग, कार्बोरेटर, सायलेन्सर, टॅपेटचं झाकण. पिस्टन वरच्या टोकाला आणून टायमिंगची खूण जुळवा. मग टायमिंग चेनचा टेन्शनर आधी काढायचा. तो न काढता कॅमचं चाक ओढणारे मी पाहिलेत, आणि त्यांचे वाकलेले बोल्टही पाहिलेत. चेन खाली क्रँककेसमध्ये पडू नये म्हणून तिला तारेने बांधून चेसीला अडकवा. हेडचे नट तिरक्या क्रमाने, प्रत्येकी थोडे थोडे सैल. हेड चिकटलं असेल तर फिनांवर हातोडी नको, एक्झॉस्टच्या तोंडाजवळ लाकडाचा ठोकळा धरून हलकेच. ब्लॉक उचलताना खाली कपडा कोंबा, पिस्टनच्या पिनची सर्क्लिप (बारीक कडी) पडली तर ती नेमकी आतच जाते. काढलेला प्रत्येक भाग पुठ्ठ्यावर काढल्या क्रमाने मांडा. तपासनीस एखादा भाग ताब्यात ठेवणार असतील तर पावती घ्या, तिच्यावर भागाचं नाव आणि सही.

मापं जुळली की बहुतेक वेळा तिथेच बांधायला वेळ नसतो आणि उजेडही नसतो. ब्लॉकच्या आतून इंजिन ऑइलचा जाड हात फिरवा, नाहीतर पावसाळी हवेत रात्रीतून बोअरवर तांबूस गंज दिसतो. हेड आणि ब्लॉक वेगवेगळ्या वर्तमानपत्रात गुंडाळा, पिस्टनभोवती कपडा बांधा, बोल्ट, सर्क्लिप आणि टेन्शनर झाकणाच्या डब्यात. भोकं पाडलेले बोल्ट त्यात वेगळ्या चिंधीत बांधून ठेवायचे, पुढच्या रेसला तेच लागणार आहेत.